शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी हा ओढा वाचला.
पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे,
सकाळी आठला, संध्याकाळी पाचला,
पुरात तासातासाला, टॉर्च दातांत धरून.
पाटबंधारे खात्याच्या लांबट वह्यांत
माझ्याच तिरक्या अक्षरात हा ओढा साठलाय
कराडातल्या कुठल्यातरी कपाटात.

तो पडतो कुठून, ते पाहिलं नव्हतं.
कामात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

म्हणून निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या भाद्रपदात
तारळ्याला एसटीतून उतरलो,
गुडघ्याला पट्टा बांधला,
आणि बगाजी झोरेच्या मागोमाग
घळीच्या तोंडात शिरलो.

त्याच्या कमरेला कोयता, खिशात मिठाची पुरचुंडी.
"जळवा लागत्यात सायब. वढू नगा.
प्वाट भरलं की ती आपणच सुटती,
पर तवर दम निघत न्हाई मानसाला."

वाट म्हणजे ओढाच.
दोन्हीकडचे कडे जवळ सरकत गेले,
वर आभाळाची चिंधी उरली,
भाकरी बांधण्यापुरती.
बगाजी प्रत्येक दगडाला आधी काठीनं विचारत होता.
काही दगड गप्प राहत. त्यांच्यावर पाय द्यायचा.
जे बोलत ते टाळायचे.
मला हे कळायला दोनदा आपटावं लागलं.

एका डोहापाशी तो थांबला, चपला काढल्या.
शेंदूर नाही, दगड नाही, नारळाची करवंटीसुद्धा नाही.
"हितनं आमची पुतळी गेली. म्हस. गाभण हुती.
वरनं लोंढा आला आन् घिऊन गेला.
तुमच्या पुलाखालनंच गेली आसंल की."
"कुठलं वर्ष?"
"थोरली रांगत हुती तवा."

थोरलीचं लग्न होऊन किती वर्षं झाली, ते मी विचारलं.
मग बोटांवर मागं मागं मोजत गेलो
आणि एका रात्रीपाशी थांबलो.
चार मीटर साठ. पावणेतीन वाजलेले.
टॉर्चच्या उजेडात काहीतरी काळं गेलं होतं,
वळत, एकदा बुडून, एकदा वर येऊन.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
पाणी गढूळ. एक मोठा ओंडका.

मीही चपला काढल्या.
त्याला वाटलं, पाय घसरतोय म्हणून.

पुढची वाट नीट आठवत नाही.
कारवीच्या काठ्या अंगाला घासत होत्या.
कड्याच्या भेगेत, मूठभर मातीही नाही अशा जागी,
तेरडा फुलला होता, गुलाबी, बेफिकीर.
आवाज आधी पायांना कळला, मग कानांना.

आणि मग तो.
मी उंची काढायला लागलो, सवयीनं,
किती पुरुष, किती मीटर, किती क्युसेक,
तर घळीतून वारा उठला
आणि पाणी पडता पडता थांबलं.
थांबलं, विस्कटलं, वर गेलं,
जिथून आलं त्या सड्यावर परत.
आमच्या तोंडावर नुसता ओला धूर.
खाली येणारं पाणी मी आयुष्यभर मोजलं होतं.
वर जाणाऱ्याला वहीत जागाच नव्हती.

त्या गर्जनेत मी म्हणालो,
"बगाजी, तो ओंडका नव्हता."
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं,
पुलाचं, टॉर्चचं, पावणेतीनचं, सगळं,
आणि मलाच माझं ऐकू आलं नाही.

त्यानं मान हलवली.
कशाला, ते देव जाणे.
मग वाकून माझ्या घोट्यापाशी बसला,
पुरचुंडी सोडली, चिमूटभर मीठ टाकलं.
जळू गळून पडली, टम्म, माझ्या रक्तानं भरलेली,
आणि दगडावरून घरंगळत प्रवाहात गेली,
खाली, पुलाकडे,
जिथं आता माणूस बसत नाही,
एक यंत्र असतं खांबावर,
दर पंधरा मिनिटांनी फक्त आकडा कळवतं.